तीन डब्यांची सायडिंग

सायकल लावताना जमादार ती नेहमी उलटी लावायचे. मागचं चाक भिंतीला, पुढचं रस्त्याकडे. मलकापुरात आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या जिन्याखाली दहा-बारा दुचाक्या भिंतीत तोंड खुपसून उभ्या असत आणि त्यांच्यात एकच काळी सायकल बाहेर बघत असे. मी एकदा कारण विचारलं. ते म्हणाले, "येतानी मानसाजवळ टाइम असते मॅडम, जातानी नसते. मंग मांगं घ्याचं काम पह्यलेच करून ठेवाव."

मागं घ्यायचं काम हेच त्यांनी आयुष्यभर केलं होतं. ते रेल्वेत शंटिंग जमादार होते. मालगाडीचे डबे तोडायचे, जोडायचे, इंजिनानं ढकलत एखाद्या कारखान्याच्या सायडिंगमध्ये, म्हणजे त्या कारखान्यापुरत्या टाकलेल्या फाट्यावरच्या रुळांवर, नेऊन लावायचे आणि रिकामे झाले की ओढून आणायचे. इंजिनात बसलेल्या ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. खाली उभा राहून झेंडी दाखवणारा जमादार म्हणजेच त्याचे डोळे. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, तरी शर्टाच्या डाव्या खिशात लाल आणि उजव्या खिशात हिरवा रुमाल असायचा. क्लासमध्ये कोणी फार बडबड केली की लाल रुमाल वर जायचा. मुलं माझ्यापेक्षा त्या रुमालाला जास्त भ्यायची.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. आई-वडील वडनेर भोलजीला वांगी, मेथी, कोथिंबीर पिकवतात. मी बी.ए. झाले, कॉम्प्युटरचा एक कोर्स केला, आणि ज्या क्लासमध्ये तो केला तिथल्याच सरांनी मला सकाळची बॅच शिकवायला दिली. रोज काळीपिवळी जीपनं मलकापूरला यायचं, फळ्यावर इंग्रजी शब्द लिहायचे आणि त्यांतला एखादा मलाच नीट कळलेला नाही हे कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून जपायचं, असा माझा दिवस असे. कळो न कळो, मान डोलवायची, हो म्हणायचं, ही सवय मला शाळेपासूनची. गावातल्या शाळेतून शहरातल्या कॉलेजात गेलेल्या माझ्यासारख्या बऱ्याच जणांना ती असते. त्या सवयीचं नाव पुढे त्यांनीच मला सांगितलं.

ते प्रवेश घ्यायला आले तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते. फॉर्मवर 'कोर्स कशासाठी' असा एक रकाना होता. सगळे तिथं 'नोकरीसाठी' लिहीत. त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं, 'शंटिंगसाठी'. मला वाटलं, चुकून लिहिलं असेल. मग त्यांनी सांगितलं की दिवाळीत नातू आला होता, त्यानं संगणकावर आगगाडी चालवायचा एक खेळ दाखवला. रूळ खरे, सिग्नल खरा, डब्यांचं वजनसुद्धा खरं. पण नातू आपला एक्सप्रेस पळवत होता.

"त्यात का हाय?" ते म्हणाले. "रूळ नेतीन तिकडं जाचं. पुढं तं कोनीबी जाते. मले कारखान्याच्या लाइनी पाह्यजेत. त्या कुठी भेटतात ते शोधाले शिकवा."

मग ते खुर्ची मागे-पुढे करून, मागं एकदा वळून बघून बसले आणि म्हणाले, "मॅडम कोन्या गावच्या?" मी वडनेर भोलजी सांगितलं. त्यांनी बराच वेळ टेबलाकडे बघितलं आणि मग विचारलं, "यंदा वांगे कसे हायेत तिकडं?"

माऊस त्यांना फार छळायचा. आयुष्यभर रुळांचा सांधा बदलायचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी ओढलेला माणूस. तो माऊसवरही तेवढंच वजन टाकायचा. पहिल्या महिन्यात दोन माऊस गेले. पण एकदा इंटरनेटवर शोधायचं तंत्र कळल्यावर त्यांना थांबवणं अवघड झालं. इंग्रजी शब्द मी लिहायची, चित्रं ते बघायचे. कोळशाच्या खाणी, साखर कारखाने, सिमेंटच्या भट्ट्या, बंदरं, दारूचे कारखाने. जगभरातल्या हौशी लोकांनी खेळासाठी तयार केलेल्या या लाइनी आम्ही एकेक उतरवून घ्यायचो. ते चालवून बघायचे आणि शंभर पानी वहीत पेन्सिलनं नकाशा काढून खाली शेरा मारायचे. 'लय सरळ. नापास.' 'भिंत नाही. नापास.' 'वळण डावीकडं. नापास.' 'चांगली हाय पण बर्फ हाय. नापास.' बर्फाच्या त्या लाइनीला त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा संधी दिली, कारण त्यांना रात्री ती अन्यायानं नापास केल्यासारखी वाटली होती. ती पुन्हा नापास झाली.

घरीही तसंच. त्यांची बायको, आमच्या काकू, एकदा त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला आल्या आणि अर्धा तास बसून गाऱ्हाणी सांगून गेल्या. खाट हलवायची तरी हा माणूस आधी खडूनं फरशीवर रेघा मारतो. पाहुण्यांनाही उठवून जागा बदलायला लावतो आणि 'आता तुमी मोकळे' म्हणून हिरवा रुमाल दाखवतो. आम्ही हसलो. पण त्या उन्हाळ्यात क्लासला रंग द्यायचा निघाला तेव्हा त्या अरुंद खोलीतली नऊ टेबलं, मशीन न काढता, एका बाजूची दुसऱ्या बाजूला कशी न्यावीत हे आम्हा कोणालाच उमजेना. सरांनी दोन हमाल बोलावले, तेही डोकं खाजवत उभे राहिले. यांनी फळ्यावर खोलीचा नकाशा काढला, टेबलांना आकडे दिले आणि दारात उभं राहून तेरा हालचालींत काम संपवलं. एकही टेबल दोनदा उचललं गेलं नाही. शेवटचं टेबल जागेवर बसल्यावर ते हमालांना म्हणाले, "तुमी ताकद लावून राह्यले होते. रिकामी जागा कुठी हाय ते कोनी पाह्यलंच नाई."

वहीत एकोणतीस लाइनी नापास झाल्यावर मी त्यांना विचारलं की त्यांना नेमकी कोणती पाहिजे. आम्ही खाली टपरीवर चहा घेत होतो. ते नेहमी तिथल्या बाकावर स्टेशनकडे तोंड करून बसायचे. त्या दिवशी पाठ करून बसले आणि सांगितलं.

बावीस वर्षांपूर्वी, मलकापुरापासून लांबच्या एका स्टेशनाजवळ, एका तेलगिरणीची सायडिंग होती. तीन डबे मावतील एवढीच. रूळ उजवीकडे वळलेला, डाव्या हाताला गोदामाची भिंत आणि पत्र्याची सावली. त्यांचा जोडीदार दोन डब्यांच्या मध्ये शिरून साखळी जोडायचा, हे बाहेर उभे राहून झेंडी दाखवायचे. नियम असा की मधला माणूस बाहेर आलेला डोळ्यांनी दिसल्याशिवाय हिरवी झेंडी दाखवायची नाही. पण त्या वळणावर डावीकडून मधली फट दिसायची नाही. म्हणून या दोघांनी आपली एक रीत पाडली होती. जोडीदार बाहेर आला की हातातल्या आकड्यानं डब्यावर दोनदा ठोकायचा, आणि हे झेंडी दाखवायचे. आठ वर्षं ती रीत चालली. त्या दिवशी एका हमालानं पलीकडच्या डब्याचं दार लावलं आणि कडी बसेना म्हणून दगडानं दोनदा ठोकली. यांनी हिरवी झेंडी दाखवली. जोडीदार अजून आतच होता. त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली.

"चौकशी झाली," ते म्हणाले. "त्यानं लिहून देल्लं की मीच ठोकलं, बाहेर आलो, मंग काही राह्यलं म्हणून पुन्हा हात घातला. सगळी चूक आपल्यावर घेतली. अन मी गप राह्यलो."

त्यानंतर ते जोडीदाराला भेटलेले नव्हते. मनाशी एकच गोष्ट म्हणत आले होते: तिथून दिसतच नव्हतं, दुसरा उपायच नव्हता. पण ते खरं आहे का, हे त्यांना बघायचं होतं. गिरणी पाडली, रूळ उखडले, आता तिथं मंगल कार्यालय आहे. म्हणून ते जगभरातल्या लाइनींमध्ये तशी एक सायडिंग शोधत होते. दुसरा उपाय नव्हता असं ठरलं, तर जोडीदाराच्या दारात जाता येईल. होता असं ठरलं, तर काय करायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं.

"अन तो तुमच्याच गावचा हाय," ते म्हणाले.

मला एकदम कळलं. आमच्या गावात एक आबा आहेत. मेथीची जुडी एका हातानं आणि दातांनी बांधतात. आम्ही पोरं त्यांना सातबोटे आबा म्हणायचो. बोटं कशी गेली विचारलं की ते दरवेळी वेगळं सांगायचे. कधी नदीतल्या मगरीनं खाल्ली, कधी लग्नात पंगतीला वाढताना घाईत कोणाच्या पानात पडली, कधी बायकोनं भाजीत घातली. रेल्वेचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. मी हे सगळं सांगितलं. मगरीपर्यंत ते गंभीर होते. पंगतीपाशी हसायला लागले, आणि बराच वेळ हसल्यावर त्यांनी लाल रुमाल काढून डोळे पुसले.

त्या दिवसापासून ते शोधणं माझंही झालं. एका परदेशी संकेतस्थळावर या खेळाचे वेडे लोक एकमेकांना लाइनी सुचवत. तिथं मी इंग्रजीत लिहिलं, आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसांना. आम्हाला कारखान्याची लहान सायडिंग पाहिजे, वळणावरची, भिंतीजवळची. एका निवृत्त गृहस्थानं उत्तर दिलं. फार प्रेमानं लिहिलं होतं, पण त्यात पाच प्रश्न होते आणि त्यांतले तीन मला कळले नाहीत. फाट्याचं तोंड कुठल्या बाजूला, भिंत वळणाच्या आत की बाहेर, असलं काहीतरी. जमादारांना विचारलं असतं तर त्यांनी झोपेतही उत्तर दिलं असतं. पण विचारायचं म्हणजे मला इंग्रजी येत नाही हे सांगायचं. मी पाचही प्रश्नांना 'हो सर' लिहून टाकलं.

त्या गृहस्थानं आठवडाभर खपून एक लाइन पाठवली. मोठं बंदर, चाळीस रूळ, सगळे काठीसारखे सरळ. जमादार दोन दिवस त्यात हिंडले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला तो पत्रव्यवहार मराठीत वाचून दाखवायला सांगितला. मी वाचायला लागले आणि तिसऱ्या प्रश्नाशी अडकले.

ते रागावले नाहीत. त्यांनी खिशातून लाल रुमाल काढला आणि माझ्या कीबोर्डवर ठेवला.

"हे समजलं नव्हतं नं तुमाले?"

मी नाही म्हणाले.

"मंग हो काऊन म्हन्लं? ही न पाहता देल्ली झेंडी हाय, पोरी. मी तेच केल्तं."

एरवी ते मला मॅडम म्हणायचे. माझ्या सवयीचं ते नाव आणि ते 'पोरी' मला अजून ऐकू येतं. मी रडले, आणि ते तसेच समोर बसून राहिले, जणू एखादा डबा जागेवर थांबायची वाट बघत आहेत. मग म्हणाले की आता त्या माणसाला खरं कळवा. समजलं नव्हतं म्हणून लिहा. त्यात काही जात नाही.

मी लिहिलं. तुमचे तीन प्रश्न मला कळले नव्हते, माझं इंग्रजी कच्चं आहे, तरी मी हो म्हटलं, माफ करा. सोबत वहीतल्या नकाशाचा फोटो पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं. त्यानं लिहिलं होतं की नकाशा इतका स्वच्छ आहे की प्रश्न विचारायची गरजच नव्हती, आणि मराठी तर त्याला मुळीच येत नाही. अशी सायडिंग त्यानं फार पूर्वी स्वतःच केली होती, त्याच्या गावच्या पिठाच्या गिरणीची. आजवर ती कोणीच उतरवून घेतली नव्हती.

वळण उजवीकडे. डावीकडे गोदाम. तीन डबे.

ते सकाळी आले, सायकल उलटी लावली, बसले. तीन डबे आत नेले. मग इंजिन थांबवून खेळातला माणूस होऊन खाली उतरले. खेळात तसं पायी फिरून बघता येतं. डावीकडे, सावलीत, उभे राहिले. फट दिसत नव्हती. "पाहा," ते म्हणाले, "नाई दिसत." आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. मला वाटलं आता ते मशीन बंद करतील. पण ते शंटिंगचे होते, सगळ्या बाजू बघितल्याशिवाय काम सोडणारे नव्हते. इंजिनाला वळसा घालून ते उजवीकडे, वळणाच्या आतल्या बाजूला गेले. मी पावलं मोजली नाहीत, त्यांनी मोजली. चौदा.

तिथून तिन्ही डबे दिसत होते. दोन्ही फटी दिसत होत्या. इंजिनाची खिडकीसुद्धा दिसत होती.

बॅच संपली, मुलं गेली. मग ते म्हणाले, "तिकडं चिखल व्हता. गिरनीचं तेलकट पानी साचे. आमी कोनी त्या बाजूनं उतरत नव्हतो." माऊस सोडून म्हणाले, "त्याच हप्त्यात नवे बूट भेटले व्हते."

पुढच्या रविवारी ते सायकलवर नाही, काळीपिवळीनं आमच्या गावी आले. धुतलेला पांढरा शर्ट, दोन्ही खिशांत रुमाल. मी त्यांना सातबोटे आबांच्या मळ्यात घेऊन गेले. आबा बांधावर मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. त्यांनी वर बघितलं, दातातला दोरा काढला नाही. जमादार उभेच राहिले आणि उभ्या उभ्याच, चौकशीत जबाब द्यावा तसं, सगळं सांगितलं. हमालाची कडी, उजवीकडची बाजू, चौदा पावलं, चिखल, बूट. शेवटी म्हणाले, "दिसत नव्हतं हे खोटं हाय. मी पाह्यलं नाई. माही चूक व्हती अन तू आपल्या नावावर घेतली."

आबांनी गाठ मारली, जुडी बाजूला ठेवली.

"मले का ठाऊक नाई?" ते म्हणाले. "मी तरी कोन्या बाजूनं उतरलो व्हतो? माह्येबी बूट नवेच व्हते."

आबांनी पुढची जुडी हातात घेतली.

"हात तं एकाचा गेलाच व्हता. नोकऱ्या दोघांच्या काऊन घालवाच्या, म्हणून लिहून देल्लं. अन तू एवढ्यासाठी बावीस वर्सं आला नाई? बह्याड हायस का बे? मी म्हनो, रागानं नाई येत. म्या मगरीवर ढकललं, पन तुहं नाव कोनाले सांगतलं नाई."

मग त्यांनी सरकून बांधावर जागा केली. जमादार बसले. आबांनी त्यांच्या मांडीवर मेथीचा ढीग टाकला आणि जुड्या बांधायला लावल्या, आणि त्या ढिल्या बांधतो म्हणून तासभर बोलणी दिली. जेवायला आईनं बोलावलं तरी दोघं उठेनात.

मी आता बुलढाण्याला एका कार्यालयात काम करते. माझ्या टेबलाशी रोज लोक कागद घेऊन येतात. वरून आलेलं एखादं पत्र मला कळलं नाही, तर मी साहेबांसमोर उभी राहून म्हणते की हे मला समजलं नाही, पुन्हा सांगा. लोक म्हणतात, मॅडम फार प्रश्न विचारतात. ते मला कोणी शिकवलं हे त्यांना ठाऊक नाही, म्हणून हे लिहिलं.

पण डोळे मिटले की मला कार्यालय दिसत नाही. मेथीच्या त्या रविवारानंतरचा मंगळवार दिसतो. सकाळची बॅच चालू होती. जिन्याखाली उलटी सायकल होती आणि तिच्या कॅरियरवर मेथीच्या जुड्या होत्या. आबा क्लासमध्ये आले होते, खेळ बघायला. जमादारांनी त्यांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, हातात माऊस दिला आणि पिठाच्या गिरणीची लाइन लावली. आबांनी डावा तळहात टेबलावर पसरून ठेवला, उजव्या हातानं माऊस धरला. डबे हळूहळू आत चालले होते. आत उभ्या असलेल्या डब्याशी पोचायच्या आधी त्यांनी इंजिन थांबवलं आणि मान न वळवता विचारलं, "उजवीकडं उतरला का?"

"उतरलो."

"मी दिसून राह्यलो का तुले?"

खुर्चीमागून निघून, टेबलाला वळसा घालून जमादार पलीकडे गेले, आबांच्या तोंडासमोर उभे राहिले आणि त्यांच्याकडे नीट बघितलं.

"हाव," ते म्हणाले. "दिसून राह्यला."

आणि मग त्यांनी उजव्या खिशातून हिरवा रुमाल काढला.